शुगर लो होते म्हणजे डायबिटीस नाहीच, असं धरून चालू का?

घड्याळजी (इंदूर)

नमस्कार मंडळी. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांनी टाकलेलं. वय ४७, वजन ८१ किलो, उंची पाच फूट सहा, पोट आहे (सौ.च्या मते 'आहे' हा शब्द फार तोकडा पडतो). दारू-तंबाखू नाही. लोकमान्य नगरहून साडेआठला निघायचं, वाटेत पोहे-जलेबी, वर कट चहा, आणि सव्वानऊला शटर वर. पंचवीस वर्षं हेच चाललंय.

गेल्या तीन-चार महिन्यांपासून साडेअकराच्या सुमाराला भलतंच काहीतरी होतं. परवाचं सांगतो. एका बाईंचं लेडीज घड्याळ खोललं होतं, चावीचं, जुनं. त्यातला एक स्क्रू म्हणजे खसखशीचा थोरला भाऊ. तो चिमट्यात धरला आणि हात थरथरायला लागला. डोळ्याला भिंग लावलेलं असतं, त्यामुळे आपलाच हात दहापट हलताना दिसतो, ते बघूनच माणूस अर्धा गार होतो. कपाळावरचा घाम टपकन ट्रेमध्ये पडला. छातीत धडधड, पोटात आग पडल्यासारखी भूक, आणि उगाच चिडचिड. समोर एक म्हातारे गृहस्थ सेल बदलून घ्यायला उभे होते, त्यांच्यावर खेकसलो. स्क्रू कुठे उडाला तो अजून सापडलेला नाही. गल्ल्यात ठेवलेले दोन पेढे खाल्ले, दहा-पंधरा मिनिटांत जसाच्या तसा.

असं आठवड्यातून तीन-चार वेळा होतं. हल्ली बारीक काम अकराच्या आतच उरकतो, नंतर फक्त पट्टे आणि सेल.

वडिलांना बावीस वर्षं डायबिटीस होता, शेवटी इन्सुलिनवर होते. आईही गोळ्या घेते. म्हणून वडिलांचं मशीन कपाटातून काढलं आणि तसं व्हायला लागल्यावर बोट टोचलं. ६१ आलं. घाबरून सकाळी घरी येऊन रक्त नेणाऱ्यांचं पॅकेज केलं. उपाशीपोटी ६८, पुढे ठळक अक्षरात 'लो'.

घरात आनंदीआनंद! आई म्हणाली, "तुझ्या बाबांची कायम तीनशे असायची, तुझी तर कमीच आहे. तू त्या वाटेला जाणार नाहीस." बाजूचा कापडवाला म्हणतो, "भिया, तुम तो लकी हो, तुम्हारे को तो मीठा खाने का परमिट मिल गया." आता डब्यात रोज एक बेसनाचा लाडू जास्त येतो.

मला मात्र हे पटत नाही. घड्याळ मागे पडतं म्हणून ते पुढे जाणाऱ्यापेक्षा बरं, असं आमच्या धंद्यात कोणी म्हणत नाही. जाणकारांनी सांगावं: लो होणं म्हणजे डायबिटीसच्या उलट काहीतरी, की दोघांचं नातं आहे?

---

शेव_जास्त_जिरावण_कमी

भाऊ, मलाही होतं असं. खिशात चॉकलेट ठेवायचं आणि विसरायचं. एवढा विचार केलात तर त्यानेच घाम फुटेल.

---

निवृत्त_लॅबवाला

घड्याळजी, वयाने मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. पस्तीस वर्षं पॅथॉलॉजीत रक्ताच्या नळ्या हाताळल्या, त्यामुळे मी रोगाबद्दल बोलणार नाही, आकड्यांबद्दल बोलतो. तुझ्या दोन्ही आकड्यांवर माझा विश्वास नाही.

आधी ते ६८. घरी आलेल्या मुलाने शुगरसाठी कुठल्या टोपीच्या नळीत रक्त घेतलं ते आठव. राखाडी टोपी होती का? राखाडी टोपीच्या नळीत फ्लोराइड असतं. रक्त अंगातून बाहेर काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि त्या साखर खात बसतात. साध्या नळीत, साध्या तापमानाला तासाला पाच ते सात टक्के साखर अशी उडून जाते. फ्लोराइड ते थांबवतं, तेही लगेच नाही, तासा-दोन तासांनी. साध्या नळीतलं रक्त वेळेवर यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या केल्या तरी चालतं. पण तो मुलगा तुझ्याकडे साडेसहाला आला असेल, पुढे आणखी पाच-सात घरं, स्कूटरच्या डिकीत पिशवी आणि मे महिन्यातलं आपलं इंदूर! नळी यंत्रावर चढली असेल बाराला. म्हणजे ६८ हा तुझा आकडा आहे की त्या डिकीचा, हे मला सांगता येणार नाही. खरा आकडा नव्वदीच्या पुढेही असू शकतो. असले 'लो' मी आयुष्यात ढिगाने पाहिलेत. पेशंट समोर ठणठणीत, हसतोय, आणि कागदावर ४०.

आता ६१. वडिलांचं मशीन म्हणालास. पट्ट्याही त्यांच्याच होत्या का? डबीवरची तारीख वाच. डबी एकदा उघडली की तिचं आयुष्य आणखी कमी होतं, आणि आपल्याकडे तर बाथरूमच्या फळीवर दमटात ठेवायची पद्धत आहे. शिवाय पट्ट्या नव्या-कोऱ्या असल्या तरी घरगुती मशीनच्या मानकातच एवढी सूट आहे की १०० च्या खाली १५ इकडे-तिकडे झालं तरी ते पास. म्हणजे तुझं ६१ हे ४६ असेल किंवा ७६ असेल. ४६ असेल तर धावपळ करायची, ७६ असेल तर काही झालंच नाही. एकच मशीन, एकच बोट.

आणि हात धुतले होतेस का? जलेबीचा पाक बोटाला असला तर आकडा उलटा वर जातो. तेव्हा धुऊन, पुसून, कोरडं करून मगच टोचायचं.

प्रयोगशाळेत स्वतः जा, तिथेच रक्त दे, तिथेच यंत्रावर चढू दे. माझं एचएमटी जनता दिवसाला सात मिनिटं मागे पडतं, ते तुझ्याकडे आणायचं म्हणतोय कधीपासून. पण अकराच्या आत माझ्याच्याने घराबाहेर पडणं होत नाही.

---

घड्याळजी (इंदूर)

काका, डबी बघितली. पट्ट्यांची तारीख गेल्या ऑगस्टमध्येच संपलेली. बाबा जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून कोणी हातच लावला नव्हता. टोपीचा रंग सौ.ला आठवतोय, एक जांभळी आणि एक पिवळी होती. राखाडी नव्हती. आणि मुलगा सव्वासहालाच आला होता, आंघोळीच्या आधी.

जनता घेऊन याच. चाव्यांची घड्याळं हल्ली येतात कुठे!

---

रामबागची_मोठी_सून

भाऊ, तुमच्या आई गोळ्या घेतात म्हणालात म्हणून लिहिते. आमच्याकडचं ऐका.

सासूबाई ७४ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि मग दिवसभर दोन घास भगर आणि एक केळं, बस. "विठ्ठलाचा दिवस आहे, पोट रिकामंच बरं." चार वाजता मला नणंदेच्या नावाने हाक मारायला लागल्या. मी आधी हसले. मग बघते तर घाम इतका की पोलकं पिळून काढावं, आणि डोळे कुठेतरी भलतीकडेच. मशीनवर ४१.

साखरेचं पाणी दिलं, चांगली तीन चमचे साखर. पंधरा मिनिटांनी ४४. माझे हातपाय गळाले. समोरचा मुलगा औषधांच्या दुकानात बसतो, त्याला बोलावलं. त्याने गोळ्यांचं पाकीट उलटं करून वाचलं आणि म्हणाला, काकू, यात तीन औषधं आहेत: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि वोग्लिबोज. हे तिसरं पोटात साध्या साखरेचं विघटनच होऊ देत नाही, त्याचं कामच ते. अशा वेळी ग्लुकोज पावडर द्यायची, ती तशीच रक्तात जाते. त्याने धावत जाऊन डबा आणला. तीन चमचे भरून पाण्यात दिलं तेव्हा कुठे पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली.

मला वाटलं संपलं. तो मुलगा म्हणाला, नाही, दवाखान्यात न्या, ग्लिमेपिराइड अंगात बराच वेळ राहतं. नेलं. रात्री दोनला सलाइन चालू असताना पुन्हा ५० वर आली! सकाळी कळलं की किडनीचं काम मंदावलंय, म्हणून गोळी बाहेरच पडत नव्हती. आता गोळ्या बदलल्या आहेत, आणि एकादशीच्या आधी डॉक्टरांना फोन करायचा हा घरचा नियम आहे. सासूबाई म्हणतात, पांडुरंगाला विचारायच्या ऐवजी एमडीला विचारते ही.

तेव्हा तुमच्या घरातला गोळ्यांचा डबा एकदा पालथा करा. आमच्याकडे सगळ्यांच्या गोळ्या एकाच स्टीलच्या डब्यात असायच्या.

---

फिजिशियन_बडोदा

मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे निदान समजू नका. मात्र प्रश्न फार चांगला विचारलात आणि लॅबवाल्या काकांनी माझं अर्धं काम केलं आहे.

ज्याला डायबिटीस नाही आणि जो कसलीच गोळी घेत नाही, त्याचा ६८ हा आजार नाही. डायबिटीसची औषधं चालू असलेल्यांना आम्ही ७० च्या खाली सावध व्हायला सांगतो आणि ५४ च्या खाली गंभीर मानतो. तुमच्यासारख्यात मात्र साधारण ५५ च्या खालीच पुढची शोधाशोध करतो. तीही तीन गोष्टी एकत्र जुळल्या तर: लक्षणं, त्याच क्षणी शिरेतून घेतलेल्या रक्तात कमी साखर, आणि साखर वर आल्यावर लक्षणं जाणं. अ‍ॅलन व्हिपल नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३० च्या दशकात ही तिकडी मांडली. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणारी गाठ आहे असं समजून कुणाचं पोट फाडायचं आणि कुणाचं नाही, हे ठरवायची वेळ आली होती त्याच्यावर. आजही आम्ही तेच वापरतो. तुमच्याकडे पहिली आणि तिसरी आहे, मधली नाही.

आता नात्याचं. पोहे, जलेबी, गोड चहा, सगळं झटपट साखर होणारं. निरोगी स्वादुपिंड घास पोटात पडताच पहिल्या दहा मिनिटांत इन्सुलिनचा एक झटका देतं आणि साखर फार वर जाऊच देत नाही. टाइप २ डायबिटीस यायच्या आधीच्या वर्षांत हा पहिला झटका मंदावतो. साखर वर चढते. मग स्वादुपिंड उशिरा जागं होऊन गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन ओततं, तोवर जलेबी आतड्यातून संपलेली असते. साखर तीन ते पाच तासांनी खाली घसरते, आणि कधी कधी घसरण्याचा वेगच एवढा असतो की आकडा फार कमी नसतानाही अंग अ‍ॅड्रेनालिन सोडतं. थरथर, घाम, धडधड, भूक, म्हातारबाबांवर खेकसणं, सगळं त्याचंच.

म्हणजे लो आणि हाय एकाच माणसात, एकाच सकाळी असू शकतं. उपाशीपोटीची तपासणी हे दाखवत नाही, कारण ती जलेबीच्या आधीची असते.

असं होणाऱ्या प्रत्येकाला पुढे डायबिटीस होतोच असं मुळीच नाही, आणि डायबिटीसच्या उंबरठ्यावरच्या बहुतेकांना असं होतही नाही. पण आई-वडील दोघांना डायबिटीस, ४७ वय, कमरेचा घेर, यावर मी तुमचं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांची तपासणी नक्की करेन. दोन तासांनी १४० च्या आत ठीक, १४० ते १९९ म्हणजे उंबरठा, २०० पासून डायबिटीस. हीच तपासणी पाच तास लांबवून 'लो' शोधायची जुनी पद्धत मला आवडत नाही, कारण नुसतं ग्लुकोज पाजलं तर धडधाकट माणसांतही काहींची साखर खाली जाते. त्यापेक्षा तुमचा नेहमीचा नाश्ता करा आणि त्रास व्हायच्या वेळी लॅबमध्ये हजर राहा.

पेढे मात्र बंद करा. ते त्या क्षणी बरं वाटवतात आणि दोन तासांनी तोच खेळ पुन्हा मांडतात, शिवाय तुपामुळे साखर चढायला वेळ लागतो. शेव_जास्त, तुमच्या खिशातल्या चॉकलेटचंही तेच. खरंच ७० च्या खाली असेल तर पाण्यातून १५ ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं, आणि मग जेवायचं.

थांबू नये अशी लक्षणं: उपाशीपोटी किंवा पहाटे असं होणं, गोंधळून जाणं, शुद्ध हरपणं, विनाकारण वजन वाढणं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, कुशीवर वळवा आणि गाडी बोलवा. आणि रामबागच्या ताईंनी सुचवलेला डबा आजच उघडा. शुगरची गोळी चुकून दुसऱ्याच्या पोटात गेल्याचे पेशंट मी पाहिले आहेत. 'जडीबुटीची' म्हणून घेतलेल्या पुडीचंही विचारतो, काहींत शुगरची अ‍ॅलोपॅथीची औषधं मिसळलेली सापडली आहेत.

---

घड्याळजी (इंदूर)

तीन आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल माफी.

आधी डबा. रामबागच्या ताई, अंगावर काटा आला. माझी प्रेशरची गोळी आणि आईची शुगरची, दोन्ही पांढऱ्या, दोन्ही छोट्या, आणि आईने सोयीसाठी पाकिटातून काढून वाट्यांमध्ये घातलेल्या! माझ्याकडून अदलाबदल झाली नव्हती, मोजून बघितलं, हिशेब जुळला. पण आता आईचा डबा देवघराशेजारी आणि माझ्या गोळ्या दुकानात.

मग इथल्याच एका एमडींकडे गेलो. तुमचं लिहिलेलं छापून नेलं होतं, त्यांनी चष्मा वर करून सगळं वाचलं आणि म्हणाले, बडोद्याचे डॉक्टर बरोबर बोलतायत, मी वेगळं काय सांगू. तपासण्या झाल्या. प्रयोगशाळेत जाऊन, काका, राखाडी टोपी डोळ्यांनी बघून. उपाशी ९७. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १७२. एचबीएवनसी ६.०.

मग एका सकाळी नेहमीची प्लेट खाल्ली, दोन जलेब्या, कट चहा, आणि साडेदहापासून लॅबच्या बाकावर जाऊन बसलो. अकरा चाळीसला हात सुरू झाला. तिथल्या ताईंनी लगेच शिरेतून रक्त घेतलं. ५९. डॉक्टर म्हणाले, ५५ च्या खाली नाही, त्यामुळे गाठबीट शोधायला निघायचं कारण नाही, घसरगुंडीमुळे त्रास होतोय. मी विचारलं, म्हणजे काही नाही ना? तर पेन १७२ खाली टेकवून म्हणाले, "तीन महिने तुम्ही खालच्या आकड्याकडे बघत बसलात. तुमचं काम या वरच्या आकड्याशी आहे."

डायबिटीस नाही, उंबरठ्यावर आहे. औषध तूर्त नाही, तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी. पाच-सहा किलो उतरवायला सांगितलंय. संध्याकाळी जेवल्यावर अन्नपूर्णा मंदिरापर्यंत चालत जाऊन येतो. जलेबी सुटली. ते दोन शब्द लिहायला जेवढे सोपे आहेत तेवढं ते नाही. पहिल्या आठवड्यात कढईसमोरून जाताना मान दुसरीकडे करायचो, पोहेवाल्याला वाटलं माझं त्याच्याशी काही बिनसलंय. आता त्याच्याचकडे उसळ-पोहे घेतो, उसळ जास्त, पोहे मूठभर, चहा बिनसाखरेचा. अकराला मूठभर फुटाणे.

आईला १७२ सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डब्यात लाडू नव्हता, काकडी होती, चार फोडी, मीठ वेगळ्या पुडीत.

गेल्या बारा दिवसांत एकदाच थोडं थरथरलं, तेही लग्नाच्या पंगतीत जिलबीचा आग्रह झाला त्या दिवशी. बाईंच्या घड्याळासाठी दुसऱ्या घड्याळाच्या मुव्हमेंटमधला स्क्रू काढून बसवला.

काका, जनता घेऊन या. अकराच्या नंतर आलात तरी चालेल.